नाताळची गाणी : तुमच्या कानावर पडतं ते नेमकं कुणाचं?

नाताळच्या गाण्यांवर प्रश्न मागवले आणि निम्म्याहून अधिक पत्रांत एकच विचारणा निघाली : 'याचं मूळ गाणं कोणतं?' उत्तर बहुतेक वेळा दुहेरी असतं. गाणं लिहिणारा एक, ते लोकांच्या डोक्यात कायमचं बसवणारा दुसरा. आणि त्या दुसऱ्याचंही जे रेकॉर्डिंग आपण ऐकतो ते पुष्कळदा त्याचं पहिलं नसतं. म्हणून खालच्या उत्तरांत सालं जरा जास्त आली आहेत.

'व्हाइट ख्रिसमस' बिंग क्रॉस्बीच्या आवाजात दोन ठिकाणी ऐकलं. आवाज तोच, चाल तीच, पण सुरुवात वेगळी वाटते. हा माझ्या कानांचा दोष की खरंच दोन रेकॉर्डिंग आहेत? (पुणे)

कान ठीक आहेत. दोन आहेत. अर्व्हिंग बर्लिनचं हे गाणं क्रॉस्बीने २५ डिसेंबर १९४१ रोजी रेडिओवर पहिल्यांदा गायलं. तबकडीसाठी ते २९ मे १९४२ रोजी डेक्का कंपनीकडे ध्वनिमुद्रित झालं, तेही ऐन उन्हाळ्यात, अवघ्या १८ मिनिटांत. त्याच साली आलेल्या 'हॉलिडे इन' या चित्रपटात ते होतं आणि त्याला ऑस्करही मिळालं. मग खप इतका वाढला की तबकड्या छापून छापून मूळ मास्टर झिजला. त्या काळी तबकड्या धातूच्या साच्यावरून दाबून काढत. साचा झिजला की नवा मूळ प्रतीवरून करायचा, आणि मूळ प्रतच दमली की गायकाला पुन्हा बोलवायचं. १९ मार्च १९४७ रोजी तेच केलं. जॉन स्कॉट ट्रॉटरचा वाद्यवृंद आणि केन डार्बीचा कोरस, दोन्ही तेच बोलावले, आणि शक्य तितकं हुबेहूब पहिल्यासारखं गायचं ठरलं.

फरक ओळखायचा तो सुरुवातीच्या संगीतात. १९४७ च्या प्रतीत बासऱ्या आणि सेलेस्टा घालून ती सुरुवात उजळ केलेली आहे. सेलेस्टा म्हणजे पियानोसारखं दिसणारं, पण आतून धातूच्या पट्ट्या वाजणारं वाद्य; त्याचा आवाज चिमुकल्या घंट्यांसारखा येतो. तो टिणटिणाट आला तर १९४७, नाही आला तर १९४२. दुकानांत, मॉलमध्ये आणि बहुतेक संग्रहांत वाजतं ते १९४७ चं. आमचं मत विचाराल तर १९४२ चं ऐकावं. त्यात कुणाची नक्कल करायची नव्हती, स्वतःचीसुद्धा.

या गाण्याच्या सुरुवातीला बर्लिनने एक छोटा प्रास्ताविक तुकडा लिहिला होता : ऊन आहे, हिरवळ आहे, आणि गाणारा कॅलिफोर्नियात बसून उत्तरेकडच्या बर्फाची आठवण काढतो आहे. क्रॉस्बीच्या तबकडीवर हा तुकडा नाही. तो गाळल्यामुळे गाणं एका श्रीमंत माणसाची गंमत न राहता घरापासून दूर असलेल्या कुणाचंही झालं, आणि १९४२ साली घरापासून दूर असलेले लाखो सैनिक होते.

हेच गाणं पेटीवर बसवतो आहे. पहिली ओळ वाजवली की काहीतरी बेसूर लागतं. नोटेशन चुकलं आहे का? (इचलकरंजी)

नोटेशन बरोबर असणार. हात सवयीने शुद्ध स्वरांकडे पळत असेल. पांढरी एक सा धरला तर पहिल्या ओळीचे आठ स्वर असे : ग म ग, कोमल ग, ग म, तीव्र म, प. म्हणजे काळी दोन, पांढरी तीन, पांढरी चार, काळी तीन आणि पांढरी पाच, या लागून असलेल्या पाच पट्ट्यांतच सगळी ओळ. दोन्ही ग आणि दोन्ही म एका ओळीत, तेही शेजारी शेजारी. आपल्या सुगम संगीतात अशी रचना क्वचित येते, म्हणून बोट कोमल गंधार गाळून रिषभावर उतरतं आणि गाणं तिथेच मोडतं.

दुसरी चूक गाणाऱ्यांची. या पाच स्वरांवर मींड घेऊ नका. क्रॉस्बी प्रत्येक स्वर वेगळा ठेवतो, फक्त मधली फट मऊ करतो. तीव्र मध्यमावरून पंचमाकडे घाईने घसरलात तर सगळी हुरहुर निघून जाते. ओळ आधी शब्दांशिवाय, नुसत्या आकारात आणि अर्ध्या लयीत दहा वेळा गा. मग शब्द घाला.

आमच्या महिला मंडळात 'सायलेंट नाइट' बसवतोय. पहिल्या दोन ओळी छान होतात, शेवटाकडे सगळ्यांचे आवाज फाटतात. सूर कोणता घ्यावा? (मिरज)

दोष गळ्यांचा नाही, सुरुवात कुठून करता त्याचा आहे. पहिला स्वर पंचम असतो, षड्ज नव्हे. आरामात वाटणाऱ्या उंचीवर तुम्ही तो पहिला स्वर धरता, आणि पुढे चाल वरच्या मध्यमापर्यंत जाते. खालचा सा ते तार सप्तकातला म, इतका पल्ला या साध्यासुध्या गाण्याला लागतो.

पांढरी एक सा घेतलात तर वरचा म तार सप्तकातली पांढरी चार येतो. सराव नसलेल्या गळ्याला तो ओरडूनच लागतो. त्याऐवजी खालची काळी पाच सा धरा. वरचा म मग काळी दोनवर येतो आणि बहुतेकींना झेपतो. मंडळात ज्येष्ठ आणि ढाले आवाज जास्त असतील तर आणखी खाली, मंद्र पांढरी पाच. त्याहून खाली नको, कारण शेवटचा स्वर खालचा सा आहे आणि तो ऐकूच येणार नाही.

आता लय. सहा मात्रांचं आवर्तन, एकूण बारा आवर्तनं. पहिलं आवर्तन जवळून बघू : प दीड मात्रा, ध अर्धी, पुन्हा प एक, आणि ग तीन. बहुतेक ठिकाणी प आणि ध एकेक मात्रेचे समान गायले जातात. मग झोका जातो आणि प्रार्थना शाळेतल्या कवितेसारखी वाटू लागते. ती दीड-अर्धी विभागणी पाळली की पाळण्याची गती आपोआप येते. दादऱ्याचा ठेका मात्र लावू नका, तबला हवाच असेल तर फक्त समेवर हलकी थाप.

आवाज फाटतो ते नववं आवर्तन. वरचे रे रे म रे आणि नी. आठव्या आवर्तनाचा शेवटचा स्वर तीन मात्रांचा आहे. तो दोनवर सोडा आणि तिसऱ्या मात्रेत सगळ्यांनी मिळून श्वास घ्या. हा एक श्वास बसवला की निम्मं काम झालं. आणि वर जाताना आवाज मोठा न करता बारीक करा.

गिटार असेल तर तिसऱ्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जी, सी आणि डी सेव्हन एवढे तीन आकार पुरतात. कॅपोमुळे सूर काळी पाचवर येतो. क्रम असा : दोन आवर्तनं जी, एक डी सेव्हन, एक जी, मग सी-जी, सी-जी, नववं डी सेव्हन, दहावं जी, अकरावं अर्धं जी अर्धं डी सेव्हन, बारावं जी.

गिटारीवर हे गाणं उपरं वाटत नाही, कारण ते जन्मलंच गिटारीवर. योसेफ मोअर या पाद्र्याने शब्द १८१६ साली लिहिले होते. २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात फ्रान्झ ग्रुबर या शिक्षकाने चाल दिली आणि त्याच रात्री दोघांनी दोन आवाज आणि एक गिटार एवढ्यावर ते गायलं. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली ही गोष्ट फार सांगतात, पण ती मागाहून जोडलेली आहे. जगात ते नेलं टायरॉलच्या त्सिलर खोऱ्यातल्या गाणाऱ्या कुटुंबांनी : हातमोजे विकायला लायप्झिगच्या जत्रेत जाणारे श्ट्रासर, आणि १८३९ मध्ये ते न्यू यॉर्कला गाणारे राइनर. आज आपण इंग्रजीत गातो ती तीन कडवी जॉन फ्रीमन यंगच्या १८५९ च्या भाषांतरातली. जर्मनमध्ये सहा आहेत.

नॅट किंग कोलचं 'द ख्रिसमस साँग' कुठे चौघाजणांत गायल्यासारखं वाटतं, कुठे मोठा वाद्यवृंद असतो. कोणतं खरं? (ठाणे)

चारही खरी, कारण कोलने ते चार वेळा रेकॉर्ड केलं. जून १९४६ मध्ये फक्त आपल्या त्रिकुटासह, म्हणजे पियानो, गिटार आणि बास. ऑगस्ट १९४६ मध्ये त्यात तंतुवाद्यं आली. १९५३ मध्ये मोठा वाद्यवृंद. आणि १९६१ मध्ये स्टिरिओत. आज सगळीकडे वाजतं ते १९६१ चं. डावीकडून आणि उजवीकडून वेगळी वाद्यं येत असतील तर तेच. १९४६ ची प्रत ओळखायची एक गमतीची खूण म्हणजे तिच्यात कोल रेनडिअरचं अनेकवचन करताना शेवटी 'ज' लावून टाकतो. इंग्रजीत ते एकवचनासारखंच राहतं. पुढे ती चूक सुधारली.

गाणं मेल टॉर्मे आणि रॉबर्ट वेल्स यांचं, जुलै १९४५ चं. उकाडा असह्य झाला म्हणून वेल्सने वहीत थंडीच्या चार ओळी खरडल्या होत्या, त्या टॉर्मेला दिसल्या. टॉर्मे तेव्हा एकोणीस वर्षांचा. तो स्वतःही उत्तम गायक होता आणि ते गायचाही, पण गाणं कोलचंच झालं. पहिल्याच शब्दात खालून वर पूर्ण सप्तकाची उडी आहे. कोल ती उडी मारल्याचं कळूच देत नाही, नि तिथेच बाकीचे उघडे पडतात.

घरी जिम रीव्हजची नाताळची एलपी आहे. खूप खरखरते. शेजारी म्हणाले स्पिरिटने पुसा. पुसू का? आजोबांच्या जुन्या जाड तबकड्याही आहेत. (वसई)

जाड तबकड्यांना स्पिरिट अजिबात लावू नका. ७८ गतीच्या त्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एकदा पुसलं की गाणं कायमचं गेलं. एलपी विनाइलची असते, तिलाही स्पिरिटची गरज नाही.

एलपीसाठी : एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार वाळून खाचेत बसतात आणि खरखर वाढते. मायक्रोफायबरचं फडकं ओलं करून पिळा आणि खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल पुसा. मधून बाहेर आडवं पुसलंत तर धूळ खाचेत रुतते. मधला कागदी लेबल कोरडा ठेवा. दुसऱ्या फडक्याने नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचा हात फिरवा. मग सावलीत तासभर उभी करून वाळवा. उन्हात ठेवलीत तर ती वाकेल. जुनं कागदी आतलं पाकीट फेकून नवं घाला; वसईच्या दमट हवेत बुरशी त्यातच असते. सुई मऊ ब्रशने मागून पुढे साफ करायची, उलट कधीच नाही.

एवढं करूनही आवाज राहिला तर घड्याळ लावून ऐका. 'टक्' असा आवाज दर १.८ सेकंदांनी येत असेल तर तो ओरखडा आहे, कारण ३३⅓ गतीची तबकडी तेवढ्याच वेळात एक फेरा पुरा करते. तो पुसून जाणार नाही. आवाज अनियमित असेल तर धूळ शिल्लक आहे, पुन्हा पुसा.

आजोबांच्या तबकड्या एलपीच्या सुईने वाजवू नका. स्टिरिओ एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं, ७८ ची खाच त्याहून पुष्कळ रुंद. तिला ७५ मायक्रॉनच्या आसपासची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी लोळते आणि तिथली घाणच तुम्हाला ऐकवते.

ती एलपी जपावी अशी आहे. 'ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस' १९६३ मध्ये निघाली आणि पुढच्याच वर्षी, ३१ जुलै १९६४ ला, रीव्हज विमान अपघातात गेला. १९५७ च्या 'फोर वॉल्स'पासून त्याने मोठ्याने गाणं सोडून माइकच्या अगदी जवळ, खालच्या पट्टीत, जणू एकाच माणसासाठी गायला सुरुवात केली होती. शब्द स्वच्छ, घाई नाही. इंग्रजी ही ज्यांची दुसरी भाषा त्यांनाही पहिल्या ऐकण्यात शब्द कळतात. गोव्यापासून ईशान्येपर्यंत घराघरांत रीव्हज का टिकला याचं अर्धं उत्तर या उच्चारात आहे.

'मेरीज बॉय चाइल्ड' हे बोनी एमचंच ना? मित्र म्हणतो आधीचं आहे. पैज लागली आहे. (नाशिक)

पैज हरलात. जेस्टर हेअरस्टनने कॅलिप्सो या कॅरिबियन ढंगातली ही चाल आधी एका वाढदिवसाच्या समारंभासाठी केली होती. नंतर तिला येशूजन्माचे शब्द आले. हॅरी बेलाफाँटेने ते १९५६ मध्ये गायलं आणि १९५७ च्या नाताळात ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर होतं. रीव्हजच्या वरच्या एलपीतही ते आहे. बोनी एम १९७८ मध्ये आले, त्यांनी त्याला 'ओ माय लॉर्ड' हा नवा तुकडा जोडला आणि चार आठवडे तेही ब्रिटनमध्ये पहिलं राहिलं. मुख्य आवाज लिझ मिचेलचा. मंचावर नाचणारा बॉबी फॅरेल तबकडीवर गात नसे. तो पुरुषी आवाज निर्माता फ्रँक फारियनचा. मित्राची पैज फेडताना ही माहिती सांगा, थोडी भरपाई होईल.

दोन्ही लागोपाठ ऐका. बेलाफाँटे गोष्ट सांगतो, बोनी एम मिरवणूक काढतात. कॉयरमध्ये बसवायचं तर आधार बेलाफाँटेचा घ्या; बोनी एमच्या ठेक्यावर टाळ्या सुरू झाल्या की चौथ्या कडव्यापर्यंत लय हमखास पळते.

कॉलेजच्या कार्यक्रमात मरायाह कॅरीचं 'ऑल आय वाँट फॉर ख्रिसमस इज यू' गायचं आहे. कराओके ट्रॅकवर दम लागतो. काही युक्ती? (कोल्हापूर)

ट्रॅक दोन किंवा तीन स्वरस्थानं खाली घ्या. बहुतेक कराओके अ‍ॅपमध्ये सोय असते. त्याहून खाली नेलात तर वाद्यांचे आवाज फुगल्यासारखे होतात. दम लागतो तो उंचीपेक्षा वेगामुळे : मिनिटाला १५० ठोके आहेत आणि श्वासाला जागा नाही. संथ सुरुवातीतच सगळी हवा खर्च करू नका. १९९४ चं हे गाणं कॅरी आणि वॉल्टर अफानासिएफ यांचं. वाद्यमेळ जवळजवळ सगळा संगणकावर केलेला आहे, त्यामुळे ट्रॅक तुमच्यासाठी क्षणभरही थांबत नाही. अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर पोचायला २०१९ चा डिसेंबर उजाडला.

खरा सल्ला : 'लास्ट ख्रिसमस' गा. पल्ला लहान, आणि डी, बी मायनर, ई मायनर, ए हे चार कॉर्ड प्रत्येकी दोन-दोन बार, तेच फिरून फिरून शेवटपर्यंत. वॅम या जोडीच्या नावावर असलं तरी १९८४ च्या त्या रेकॉर्डिंगमध्ये गाणं आणि वाद्यं सगळं एकट्या जॉर्ज मायकेलचं. ब्रिटनमध्ये त्यालाही पहिला क्रमांक ३६ वर्षांनी, जानेवारी २०२१ मध्ये मिळाला.

'हॅव युअरसेल्फ अ मेरी लिटल ख्रिसमस' आमच्या मंडळात दोघी दोन वेगळ्या शब्दांत गातात. (एडिसन, न्यू जर्सी)

एक जूडी गार्लंडची, दुसरी सिनात्राची. १९४४ च्या 'मीट मी इन सेंट लुइस' चित्रपटात गार्लंड रडवेल्या धाकट्या बहिणीची समजूत घालते. तिथे शेवटाकडे 'तोवर कसंबसं निभावून नेऊ' अशा अर्थाची ओळ आहे. गीतकार ह्यू मार्टिनचा पहिला खर्डा याहून काळोखा होता, तो गार्लंडने नाकारला. १९५७ मध्ये सिनात्राला आपल्या आनंदी अल्बमसाठी तीही ओळ जड वाटली, म्हणून मार्टिनने तिथे झाडाच्या शेंड्यावर तारा टांगला. दोन्ही अधिकृत, पण कागदावर एकच छापा आणि सगळ्यांना तोच द्या. आम्ही गार्लंडची घेऊ. समजूत घालणाऱ्याला स्वतःलाच खात्री नाही, यातच त्या गाण्याचा जीव आहे.

सगळं इंग्रजीच का? मराठीत काहीच नाही? (अहिल्यानगर)

आहे, आणि जुनं आहे. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, ओवीत. येशूजन्म त्यात आपल्या पुराणांच्या चालीवर म्हणता येतो. नंतर रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं आली, ती मराठी चर्चमध्ये आजही पेटी-तबल्यावर होतात. 'नाताळ' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आला आणि आपला झाला. यावर स्वतंत्र पानं हवीत. या वेळी पत्रं तबकड्यांवरची होती.

'जिंगल बेल्स' हे नाताळचं गाणं नाहीच, असं मुलीच्या बाईंनी सांगितलं. खरं का? (सातारा)

शब्दांत नाताळ कुठेच नाही. घोडा, घसरगाडी आणि बर्फातली मजा एवढंच. जेम्स पिअरपाँटने ते १८५७ मध्ये 'वन हॉर्स ओपन स्ले' या नावाने छापलं. नाताळचा शिक्का मागाहून बसला, आणि १९४३ च्या क्रॉस्बी-अँड्र्यूज सिस्टर्सच्या तबकडीने तो पक्का केला.

मुलीला पेटीवर शिकवायला याहून सोपं गाणं नाही. धृपदाला सा रे ग म प एवढे पाचच स्वर लागतात. १६ डिसेंबर १९६५ रोजी जेमिनी ६ यानातून वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड यांनी हेच गाणं पृथ्वीवर ऐकवलं, अवकाशात वाद्यांवर वाजलेलं पहिलं गाणं. स्टॅफर्डकडे छोट्या घंट्या होत्या, शिराकडे बोटाएवढं चार भोकांचं माऊथ ऑर्गन. त्यात स्वर आठच होते, पण या गाण्याला तेवढे पुरून उरतात.